पट्टीचा पाय

अष्टमीच्या कुमारिकापूजेला कुमुदकाकूंनी परात मांडली, धुतलेला पंचा खांद्यावर टाकला. पण समोरच्या घरातली चौथीतली रेणू दारातच थबकली.

"काकू, मी परातीत पाय नाही घालणार." तिनं घोट्यावरची पट्टी दाखवली. "गळू आहे. नेहमीच्या औषधांना ऐकतच नाही. डॉक्टर म्हणाल्या, टॉवेल कुणाचा घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही."

"घरीच थांब म्हटलं होतं हो हिला," तिची आई ओशाळली. आतल्या आठ जणींतली एक ओरडली, "ई, माझ्याशेजारी नको हं ही!" रेणूचे डोळे भरले.

काकू घुटमळल्या. सासूबाईंच्या वेळेपासून एकाच परातीत नऊ जणींचे पाय धुवायचे, एकाच पंच्यानं पुसायचे. त्यात बदल करायला जीव धजेना. पण त्याच पंच्यानं आठ लेकरांना दुखणं लागलं, तर देवीला काय तोंड दाखवायचं? आणि खरं सांगणारीलाच परत पाठवलं, तर?

त्यांनी परात भिंतीला लावली. धुतलेलं मऊ लुगडं फाडून नऊ तुकडे केले. अंगणात एकेकीच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं आणि पुसायला जिचा तुकडा तिलाच दिला.

रेणूचा पट्टीचा पाय कोरडा ठेवून दुसऱ्यावर कुंकू लावलं, साबणानं हात धुतले आणि काकू वाकल्या.

"पट्टीच्या पायाला शिवू नका ना," ती पाय मागे घेत म्हणाली, "तुम्हाला होईल."

"नाही शिवत, बाई माझे. पण पाया पडल्याशिवाय तुला जेवायला कशी वाढू?" काकू म्हणाल्या, आणि तिच्यापुढच्या ओल्या फरशीवर त्यांनी डोकं टेकलं.