धूसर दोरा
रफू करणाऱ्या आत्याला घरी सुईत दोरा एका झटक्यात ओवता येई. कारखान्यात मात्र तोच दोरा धूसर दिसे. चष्म्याचा नंबर बदललेला नव्हता. “आत्याबाई, डोळे थकले तुमचे. सोमवारपासून घरी बसा,” मुकादम म्हणाला. “बसेन, पण कारण कळल्यावर!” तिने दिवा बदलला, सुई बदलली, फरक शून्य. मग मुकादमाने नुकताच कामाचा वेग मोजायला ठेवलेला टाइमर तिने बंद केला. “काय हे नखरे?” तो गुरगुरला. दहा मिनिटांत छातीतली धडधड निवली आणि दोरा लख्ख दिसला. टाइमर पुन्हा लावून तिने शेजारी बसलेल्या भाचीला आपले डोळे निरखायला सांगितले. “अगं आत्या, बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या!” डोळे शाबूत होते, टाइमरच्या धास्तीने चेतासंस्था बाहुल्या रुंदावत होती आणि रुंदावलेल्या बाहुलीतून जवळचा बारीक दोरा स्पष्ट दिसत नव्हता.