तोंड दुखलं

"इंजेक्शन दिलं की तासभर अळीमिळी गुपचिळी," टेक्निशियनबाईंनी बजावलं. "बोलायचं नाही, चघळायचं नाही, मोबाइल चाळायचा नाही. ह्या औषधात साखर असते. जो स्नायू हलेल तो ती खातो आणि स्कॅनमध्ये नेमका तोच चमकतो. मग ताप कुठून येतोय ते शोधायचं कसं?"

सासूबाईंनी मान हलवली. दवाखान्याच्या सैल डगल्यात त्या पार हरवून गेल्या होत्या. ताप येऊन तिसरा महिना लागला होता. रक्त झालं, लघवी झाली, छातीचा एक्स-रे झाला, पोटाची सोनोग्राफी झाली; तापाला ना शेंडा ना बुडखा. मोठ्या डॉक्टरांनी परवा हात टेकले होते. "हा स्कॅन शेवटचा. ह्यात काही निघालं नाही तर घरी न्या. मग बघू." त्या 'बघू'नं सुनेचं डोकं फिरलं होतं. उत्तर घेतल्याशिवाय आज इथून हलायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

"गप्प बसणं काही अवघड नाही त्यांना," सून हसत म्हणाली. "पूर्वी एकदा पट्टा सुरू झाला की आवरत नसे. हल्ली चार वाक्यं झाली की 'जाऊ दे, तोंड दुखलं माझं बोलून' म्हणतात आणि फुगून बसतात. जेवतानासुद्धा तेच. ताट अर्ध्यावर सरकवायचं आणि म्हणायचं, तोंड दुखलं."

टेक्निशियनबाई हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

सूनही मध्येच थांबली. जेवताना सासूबाई कुणाशी बोलतच नसत. मग तोंड कशानं दुखायचं?

"आई," ती खाली वाकली. "तोंड खरंच दुखतं? म्हणजे, दुखतं दुखतं?"

"मग काय खोटं?" सासूबाईंनी कानापुढे बोटं टेकवली. "हे इथं. चार घास चावले की जबडा भरून येतो, चालून पाय भरून येतात तसा. थांबलं की ओसरतं."

"मग सांगायचं नाही का!"

"तोंड दुखलं म्हटलं की तुम्ही दोघं म्हणता, मग नका बोलू."

सुनेला थोबाडीत बसल्यासारखं झालं. हे तीच म्हणाली होती, कितीदा तरी, आणि वर नवऱ्याला डोळा मारला होता. प्रत्येक डॉक्टरसमोर ताप किती, घाम केव्हा, वजन किती उतरलं, सगळं धडाधड तिनंच सांगितलं होतं. सासूबाईंना मध्ये शब्द टाकू दिला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजत बसायची ही वेळ नव्हती.

"इंजेक्शन थांबवा. आधी इथल्या स्कॅनच्या डॉक्टरांना बोलवा."

"अहो, कागदावर मानेपासून मांडीपर्यंत लिहिलंय. डोकं आपण घेतच नाही. मेंदू साखरेवरच जगतो, तो तसाही लख्ख चमकतो. त्यात शोधणार काय?"

"ते डॉक्टर सांगतील."

"ते कामात आहेत. आणि उशीर केला तर औषधाचा जोर उतरतो, मग सगळंच वाया."

"म्हणूनच म्हणते, पटकन बोलवा." सून खुर्ची आणि सुईचा ट्रे ह्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "तोवर मी त्यांच्या हाताला सुई लावू देणार नाही."

खनपटीला बसणं म्हणजे काय, ते टेक्निशियनबाईंना चांगलंच कळलं. त्यांनी फोन उचलला.

डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घालून. ऐकता ऐकता त्यांनी सासूबाईंचं कानशील बोटानं हलकेच चाचपलं. सासूबाई कळवळल्या. डॉक्टरांच्या आठ्या मिटल्या.

"कागद बदला," ते टेक्निशियनबाईंना म्हणाले. "डोक्यापासून घ्या."

मग सासूबाई मंद उजेडाच्या खोलीत मुकाट पडून राहिल्या आणि सून बाहेरच्या बाकावर. बाकावरचा वेळ जास्त लांब होता.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं. पडद्यावर मेंदू चमकत होता, ठरल्याप्रमाणे. पण त्याच्या बाहेर, दोन्ही कानशिलांवरून, दोऱ्याएवढी बारीक रेघ पेटलेली दिसत होती.

"ह्या रक्तवाहिन्या सुजल्यात," डॉक्टर म्हणाले. "ताप इथला आहे. हीच सूज पुढे डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांत उतरते. आणखी थोडे दिवस गेले असते, तर एखाद्या सकाळी ह्यांना दिसलंच नसतं. वाहिनीचा बारीकसा तुकडा काढून, तपासून खात्री करून घेऊ, पण गोळ्या त्यासाठी थांबणार नाहीत. तुमच्या डॉक्टरांशी बोललोय मी. आजच सुरू."

"बऱ्या होतील?"

"होतील."

सुनेचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं खसाखसा पुसले.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "आता जरा पहिल्यापासून सांगा. काय काय होत होतं?" विचारलं त्यांनी सुनेकडे बघून. आजवर सगळेच तिच्याकडे बघून विचारत आले होते.

सुनेनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"त्यांना विचारा," ती म्हणाली. डॉक्टरांची नजर घड्याळाकडे गेली, तशी तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढून सासूबाईंच्या अगदी समोर ठेवलं. "इथं बसा. थांबत थांबत बोलतील त्या. वेळ लागेल."

डॉक्टर उठून स्टुलावर येऊन बसले. सासूबाईंनी दुखरा जबडा तळहातावर तोलून धरला आणि सांगायला सुरुवात केली.