तिने घेतलेलं नाव

"दवाखान्यातच का?" माइन्झाच्या आईने तिसऱ्यांदा विचारलं.

लुयांडो भेंडी चिरत होती. नववा महिना लागलेला, बसताना धाप लागत होती. "नर्स असते तिथे, आई."

"नर्स तुझी सख्खी, आणि मी परकी?"

सासूला सुनेचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं. त्या खोऱ्यात बाळंतपण अडलं की एकच अर्थ निघे: बाईने दुसऱ्या पुरुषाचं नाव पोटात दडवलंय. मग तिने ते नाव घ्यायचं, त्या माणसाला आणून उभं करायचं, त्याच्या हातचं पाणी तिला पाजायचं, की मूल सुटतं. दवाखान्यात हे कोणी विचारत नाही. जिचं मन साफ, तिने घराला का भ्यावं? त्यात नवरा, माइन्झा, लांब तांब्याच्या खाणीवर. पेरणीला चार दिवस येऊन गेला, तेवढंच.

लुयांडोची थोरली बहीण घरीच बाळंतपणात गेली होती. तीन दिवस अडली, पण शेवटपर्यंत नाव घेतलं नाही. "हट्टी रक्त," सासू म्हणायची.

शिवाय ती गाडी. शेळ्यांचा व्यापारी सियाबालो मंगळवारी आणि शुक्रवारी पिकअप घेऊन शेजारगावच्या बाजाराला येई. आसपास तेवढंच एक वाहन. हॉर्न ऐकू आला की लुयांडोचे हात थांबत. एकदा तर तिने विचारलंच, "संध्याकाळपर्यंत थांबतो का हो तो?"

"कशाला गं?"

"सहज."

सहज म्हणे! सासूने ते मनात नीट गाठ मारून ठेवलं.

गुरुवारी कळा सुरू झाल्या. शुक्रवारची दुपार झाली तरी मूल जागचं हलेना. नामूंगा सुईण कपाळाला हात लावून बसली.

"बोल पोरी, कोण?"

"कोणी नाही. मला दवाखान्यात न्या."

"बहिणीसारखी मरशील गं!" सासू म्हणाली आणि तिला रडू फुटलं. संशय होता, पण ही पोर डोळ्यांदेखत जाऊ नये असंही तिला मनापासून वाटत होतं.

लांबवर हॉर्न वाजला. लुयांडोने डोळे उघडले.

"सियाबालो," ती म्हणाली.

नामूंगाने सुटकेचा निःश्वास टाकला. सासूच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलंच खरं निघालं, याचं थोडं समाधानही झालं. "वाटलंच होतं मला!" तिने आपल्या दिराला सायकलवर पिटाळलं. "गाडीसकट आणा मेल्याला. पायी यायला लागला तर ही हातची जाईल!"

तासाभराने पिकअप धूळ उडवत अंगणात थांबली. दोन माणसं उतरली, एक जाडा, एक उंच. दोघांनीही एकदमच, आपला काही संबंध नाही म्हणून, शपथा घ्यायला सुरुवात केली.

लुयांडो भिंतीला धरून उठली. पाणी प्यायला निघाली असं वाटून कोणी अडवलं नाही. ती पाण्याच्या भांड्याला वळसा घालून सरळ गाडीशी गेली, मागची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"गाडी दवाखान्याकडे घ्या," ती म्हणाली. "तुमच्यातले सियाबालो कोण, दादा?"