जवळची वाट

बसमधून उतरल्यावर ताई आणि तिचा धाकटा भाऊ डोंगराच्या पायथ्याशी थांबले. घर वर, माथ्यावर. रस्त्याने वळसा घेऊन गेलं तर अडीच तासांचं चालणं, खड्या पायवाटेने जेमतेम चाळीस मिनिटं. पण तीन दिवसांच्या पावसाने पायवाटेची माती भुसभुशीत झाली होती आणि वरून धुकं उतरत होतं.

"चल गं ताई! लहानपणी डोळे मिटून चढायचो आपण. वर्षभराने घरी येतोय, उगाच अंधार कशाला करायचा?"

ताई हॉस्पिटलात नर्स होती. "डोळे मिटून चढणाऱ्यांचीच प्लॅस्टरं रोज बघते मी," ती म्हणाली.

तेवढ्यात धुक्यातून मुठीएवढा एक दगड उड्या मारत खाली आला आणि तिच्या पायाशी थांबला. भावाने बॅग खांद्यावर टाकली. दोघं रस्त्याला लागले.

पोचेपर्यंत दिवे लागले होते. पाय भरून आले होते, पण दोघं धडधाकट होते. एकदा तरी आपलं ऐकलं गेलं, याचं ताईला बरं वाटत होतं.

आईने दार उघडलं, दोघांना जवळ घेतलं आणि त्यांच्या मागे, रिकाम्या अंगणात बघत राहिली.



"अगं, बाबा कुठायत? तुम्ही घाईने पायवाटेनेच याल, म्हणून हात द्यायला ते बसच्या वेळेलाच त्या वाटेने खाली उतरलेत."