बिटाच्या रसात लिंबू

"वन्सं, भांडी राहू देत. आधी रस घ्या," म्हणत भावजयीनं बिटाच्या रसाचा पेला पुढे केला, तशी शालन विरघळली. भावाच्या घरी राबण्यात आयुष्य गेलं, पण तिला साधं चहाला कुणी विचारलं नव्हतं.

बिटानं रक्त वाढतं, आणि रक्त वाढल्याशिवाय डॉक्टर तिची किडनी भावाला बसवणार नव्हते, हे तिला ठाऊक होतं. पण वर लिंबू पिळायला काय डॉक्टरांनी सांगितलं होतं? ती मायाच की!

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर टाके सांभाळत ती सकाळी रसासाठी ओट्यापाशी गेली.

"आता कशाला रस?" भावजय म्हणाली. "ती बिटं किसून कोशिंबीर करा. यांना बघायला पाहुणे येताहेत. आणि लिंबू बेतानं पिळा, महाग झालंय."