मलू

मुरुम गावातल्या आमच्या रंगारी घराची एक चोरभाषा होती. गिऱ्हाइकाला रंगाची मेख कळू नये म्हणून सासऱ्यांनीच ती बनवलेली. लाल म्हणजे सिदू, निळा म्हणजे काशू. ज्या सुनेच्या हातून रंग साधला, तिचंच नाव त्याला. थोरली सिद्धव्वा, मधली काशव्वा. लई मान, म्हणं! हे शेजारच्या बेगमबीनं सांगितलं. घरात कुणी बोलायचं न्हाय.

दोघींना म्या कधी बघितलं न्हाय. खुंटीवर त्यांचे चुडे तेवढे टांगलेले. त्या कुठं गेल्या, असं नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "कोण? ती तर रंगांची नावं हायत."

लढाईमुळं विलायती रंगाच्या पुड्या बंद झाल्या. म्या डाळिंबाच्या साली गंजक्या लोखंडासंगं उकळल्या, आणि कुणी न बघितलेला करडा-हिरवा रंग लुगड्यावर चढला. सासऱ्यांनी ते उन्हात धरलं.

"याला मलू म्हणायचं."

म्या मल्लव्वा, धाकटी सून. तिथंच उभी होते.

दुपारी सासूबाईंनी जेवायला ताटं मांडली. माझं नव्हतं.

"अहो, माझं ताट?" म्या नवऱ्याला विचारलं.

तो सासऱ्यांकडं वळला. "आप्पा, मलू वाळली का?"

"वाळली."

म्या वरडले. कुणी मान वर केली न्हाय. म्या मनगटं चाचपली, मग खुंटीकडं बघितलं.

चुडे तीन झाले होते.