नंदाबाईंचा डाव

नंदाबाई गेल्यानंतर चार महिने बिबवेवाडीच्या त्या घरातला कॉम्प्युटर कोणी चालूच केला नव्हता. दोन हजार दोन सालच्या एका रविवारी सकाळी त्यांच्या मुलाने, प्रज्ञेशने, तो उघडला आणि त्यात जास्त मेमरीची नवी रॅम बसवली.

"आता पळेल बघा, बाबा," तो म्हणाला.

"पळून कुठे जायचंय त्याला?" संभाजीराव म्हणाले.

कॉम्प्युटर चालू झाला आणि पडद्यावर पत्त्यांचा डाव आपोआप उघडला. नंदाबाई रोज दुपारी हाच खेळ खेळायच्या. माऊसची त्यांना शेवटपर्यंत भीती वाटे, म्हणून तो जरा जरा सरकवायच्या.

पडद्यावरचा बाण तसाच जरा जरा सरकू लागला.

"नीट चालव की रे," संभाजीराव म्हणाले.

प्रज्ञेशने हात वर केला. माऊस त्याच्या हातात होता आणि वायर खाली लोंबत होती. ती अजून जोडलेलीच नव्हती.

घाबरून त्याने बटणाकडे हात नेला. संभाजीरावांनी त्याचं मनगट धरलं. मग स्टूल ओढून ते पडद्यासमोरची नंदाबाईंची खुर्ची रिकामी सोडून शेजारी बसले.

"अगं, किलवरची राणी उचल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बदामच्या राजावर ठेव."

बाण थबकला. मग राणी अलगद उचलली गेली, बदामच्या राजावरून पुढे सरकली आणि चौकटच्या राजावर जाऊन बसली.

संभाजीरावांचे डोळे भरून आले.

"बघ," ते मुलाला म्हणाले, "अजूनही माझं ऐकत नाही."